कुणाचं नाव राहिलं का?

नाना, शनिवारचा कार्यक्रम पार पडला. वेळेवर सुरू झाला, माइकनं एकदाच शीळ घातली, सतरंज्या कमी पडल्या म्हणून पोरांना पायऱ्यांवर बसवलं. सगळं तुमच्या मनासारखं झालं. तुम्ही तेवढे नव्हतात. तुमचीच शोकसभा, तुम्ही कुठनं असणार!

आज सोमवार. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी मी वाचनालयाचं कुलूप काढून पेपर टेबलावर मांडते न मांडते तोच तुमची सायकल पायरीला टेकायची. रामराम नाही, काही नाही, दारातूनच प्रश्न, "मालन, कुणाचं नाव राहिलं का?" मी आठवून सांगायची, "राहिलं की. पाहुण्यांचं जेवण ज्यांच्याकडं झालं, त्यांच्या सुनेचं." की तुम्ही आत न येता सायकल वळवायचात आणि त्या सुनेच्या दारात जाऊन तिचे आभार मानून यायचात. पिठाच्या हातांनी ती बिचारी गडबडून जायची. आज सायकल आली नाही. पण सोमवारी तुम्हाला सांगायची माझी सवय काही सुटत नाही, म्हणून शनिवारचं सांगते. त्याच्या आधीचंही सांगावं लागेल, कारण ते आपल्या दोघांत बोलायचं राहून गेलं.

तुम्ही जन्मभर टपाल वाटलंत. परंड्यातल्या प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि कुणाचं कुत्रं चावरं, हे सगळं तुम्हाला पाठ. नोकरी संपली आणि तुम्ही वाचनालयाचे कार्यवाह झालात. महिन्याच्या चौथ्या शनिवारी पाच वाजता कार्यक्रम, हा नेम तुमचाच. कधी गाणं, कधी व्याख्यान, आणि वर्षातून दोनदा घरच्यांचा कार्यक्रम. म्हणजे आख्ख्या घरानं यायचं, घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल चार शब्द बोलायचे. त्यातल्या कितीतरी वस्तू लोक परत नेईनातच. "ऱ्हाऊ द्या इथंच, घरी नुसती पडूनच हाय," म्हणायचे. असं करत करत मागच्या खोलीत आपलं संग्रहालय उभं राहिलं. कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरून एसटीनं आलेले पाहुणे ते बघून तोंडात बोटं घालायचे. पण कार्यक्रम कुठलाही असो, शेवट तुमचा ठरलेला. आभार प्रदर्शन.

दुसऱ्या गावात आभाराला माणूस उभा राहिला की लोक चपला शोधायला लागतात. आपल्याकडं उलटं. पेंगणारे म्हातारे सुद्धा सरसावून बसायचे, कारण आता आपलं नाव येणार! सतरंजी झटकणारा, घागर भरणारी, पाहुण्यांना स्टँडवरून आणणारा, सगळ्यांची नावं तुम्ही घ्यायचात, तीही पाकिटावर असतात तशी पूर्ण. एकदा तर हद्द झाली. व्याख्याते सारखं घड्याळ बघायला लागले, शेवटची गाडी होती त्यांची, हळूच उठले. तुम्ही माइकवरूनच म्हणालात, "बसा साहेब, तुमच्या कंडक्टरचं नाव अजून यायचंय." गाडी गेली. पाहुणे तुमच्या घरी मुक्कामाला आले आणि काकूंनी नऊ वाजता पुन्हा तवा ठेवला. मी तुमच्याशी किती भांडले असेन! "नाना, आभार पाच मिनिटांत उरकायचे असतात." तुम्ही म्हणायचात, "पाच मिन्टात उरकायला ते काय आंघोळ हाय व्हय?"

ती सतार वाजवणारी ताई आठवते? भर रंगात आलेलं वाजवणं आणि लाईट गेली. माइक बंद, पंखे बंद. पोरीनं हात थांबवला नाही. ऐकू यावं म्हणून लोक बसल्या जागेवरून पुढं पुढं सरकत गेले, शेवटी तिच्या भोवती नुसती गर्दी, आणि त्या गर्दीत कुणी खोकलंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं लाईट आली तेव्हा लोकांना वाईटच वाटलं. तुम्ही मात्र मधेच कुठं गायब झाला होतात. आभाराला उभे राहिलात तेव्हा कळलं, कोपऱ्यावरच्या विजेच्या डांबावर वायरमन चढला होता, खाली उभं राहून तुम्ही त्याचं नाव विचारून आलात. "वीज आणून देणारे दत्तात्रय निवृत्ती," असं म्हणालात, तर तिसऱ्या ओळीतली एक म्हातारी ताडकन उठली. "आमचा दत्ता व्हय ओ?" तिचाच लेक होता तो. तिला ठाऊकच नव्हतं. तिनं भर सभेत डोळ्याला पदर लावला, आणि मी चहाचे कप गोळा करता करता रडले. असलं तुम्ही करायचात, मग भांडायचं तरी कसं?

तरी आपण भांडलोच. चिठ्ठ्यांवरून किती दिवस भांडलो! संग्रहालयातल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या. सखुबाई आजी आख्खं घर घेऊन वस्तीवरून आली, लेक, सुना, नातवंडं, आणि मेंढरांची लोकर कातरायची तिच्या सासऱ्याची कातर. मेंढी मांडीत कशी धरायची ते एका नातवालाच मेंढी करून तिनं दाखवलं. लोक हसून हसून लोळले. जाताना कातर आपल्याकडं ठेवून गेली, सोबत मूठभर लोकरही. मी चिठ्ठी लिहिली. वर मोठ्या अक्षरांत 'लोकर कातरण्याची कातर' आणि खाली बारीक अक्षरांत आजीचं नाव. तुम्ही म्हणालात, उलटं कर. मी म्हटलं, "नाना, लोक वस्तू बघायला येतात." तुम्ही म्हणालात, "कातर बाजारात बी मिळंल. सखुबाई कुठं मिळंल?" दोन दिवस वाद. शेवटी दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं, तर चिठ्ठी काचेच्या पेटीत मावेना. आजही ती पेटीच्या बाहेरच चिकटवलेली आहे.

त्या दिवशी आभार मानताना तुम्ही सखुबाईचं, लेकांचं, सुनांचं, मेंढी झालेल्या नातवाचं नाव घेतलंत आणि म्हणालात, "आणि जिची लोकर आज आपण सगळ्यांनी हातात घेऊन बघितली, त्या मेंढीचेही आभार." सभागृह खदखदून हसलं. मीही हसले, नाना. तेव्हा हसले.

आता माझं. माझे मालक गेले तेव्हा पोरगा बालवाडीत होता. सासरच्यांनी हात वर केले, माहेरी भावाचंच भागत नव्हतं. महिन्याभरानं तुम्ही दारात आलात. तुम्ही टपाल सोडलं होतंत, तरी मला वाटलं पत्र आहे. तुम्ही म्हणालात, "वाचनालयात बाई पाहिजे. धूळ पुसायची, पुस्तक द्यायचं, घ्यायचं." मी म्हटलं, "मला काय येतंय त्यातलं?" तुम्ही विचारलंत, "अक्षर वळणदार हाय का?" मी मान हलवली. "मग झालं तर." पुढं मागं लागून ग्रंथपालनाचा कोर्स करायला लावलात. परीक्षेला धाराशिवला जायचे तेव्हा पोरगं काकूंपाशी असायचं. परत आले की त्याच्या तोंडाला तूप-साखर आणि तुमच्या मांडीवर झोपलेला. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. वाटायचं, तुम्हाला ठाऊकच आहे, सांगायचं काय त्यात.

आणि तुम्हीही मला काही बोलला नाहीत. इतक्या वर्षांत, इतक्या चौथ्या शनिवारांत, एकदासुद्धा माझं नाव आभारात आलं नाही. आधी आधी मला कळलंच नाही. मग कळलं, पण वाटलं, विसरले असतील. मग मी मोजायला लागले नाही, पण कान मात्र लागलेला असायचा. तुम्ही आभाराच्या कागदाची घडी घातलीत की मी चहाचे कप गोळा करायला वळायची.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ते फुटलं. आठ दिवस मी खपत होते. संग्रहालयाच्या सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या, पडदे धुतले, अंगात ताप घेऊन दोनशे माणसांच्या चहाचं बघितलं. पोरगा आणि सूनबाई मुद्दाम पुण्याहून आले होते, पहिल्या ओळीत बसले होते. तुम्ही आभार मानलेत. मंडपवाले हारूनभाई, फुलवाला, पोहे करणाऱ्या बायका, सगळे. आणि घडी घातलीत. सूनबाई माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "आई, तुमचं नाव राहिलं ना?" तिच्या मनात काही नव्हतं हो. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोक गेले. आपण दोघं सतरंजीची घडी घालत होतो, दोन टोकं तुमच्याकडं, दोन माझ्याकडं. मी म्हणाले, "नाना, तुम्ही मेंढीचे आभार मानता. मी काय मेंढीच्या पलीकडं गेले का?"

तुम्ही हसलात. "अगं येडे, घरच्या माणसाचे आभार मानतेत का कुठं?"

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. माझी जीभ कुठली गप्प बसते! मी म्हणाले, "मी तुमच्या घरची नाही. मी पगारी बाई आहे."

तुमचं हसू गेलं. तुम्ही चालत माझ्यापर्यंत आलात, सतरंजीची तुमच्याकडची टोकं माझ्या हातात दिलीत, आणि चष्मा पुसत बाहेर पडलात. सायकल हातात धरून चालतच गेलात त्या दिवशी, बसला नाहीत.

पुढचे सहा आठवडे आठवले की मला माझीच लाज वाटते. मी तुम्हाला 'नाना' म्हणणं सोडलं. "कार्यवाह साहेब, सही पाहिजे." "कार्यवाह साहेब, पुस्तकांची यादी." तुम्ही मुकाट सही करायचात. तुम्हीही मग 'मालन' सोडून 'मालनबाई' म्हणायला लागलात. मधल्या चौथ्या शनिवारी कार्यक्रम झाला, सोमवारी तुम्ही आलात, दारात उभे राहिलात, प्रश्न विचारायला तोंड उघडलंत आणि माझा चेहरा बघून नुसताच पेपर उचललात. मला वाटायचं, यांनीच आधी बोलावं. मोठे आहेत ते. मग वाटायचं, जाऊ दे, आपणच बोलू, या चौथ्या शनिवारी बोलू, सतरंजी घालताना. शनिवार यायच्या अकरा दिवस आधी, मंगळवारी दुपारी, तुम्ही जेवून पेपर वाचत बसलात आणि तसेच गेलात. पेपर हातातच होता म्हणे.

मी काय म्हटलं होतं शेवटचं धडपणे? तुमच्या घरची नाही. ते घेऊन गेलात तुम्ही, नाना. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी करून नेतात, कडू घास म्हणतात त्याला. मी वीस भाकऱ्या थापल्या, पातेलंभर पिठलं केलं, फडक्यात बांधून तुमच्या घरी घेऊन गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या हातातलं गाठोडं बघितलं आणि इतक्या माणसांत मला बोलल्या, "हे काय गं मालन? तू कशाला चूल पेटवलीस? घरच्यांनी चूल पेटवायची नसती, एवढं बी कळंना तुला?"

मी उभीच. त्यांनी मला हाताला धरून खाली ओढलं, आपल्या शेजारी, तुमच्या लेकीच्या आणि त्यांच्या मधे. कुणीतरी दुसऱ्या घरची भाकरी आणली होती, ती माझ्या हातावर ठेवली. ज्यांना खाऊ घालायला मी आले होते, त्यांच्या पंगतीत मला बसवलं.

मी काकूंना सगळं सांगितलं. सतरंजीचं, मेंढीचं, पगारी बाईचं. मला वाटलं, त्यांना ठाऊक नसेल. काकू म्हणाल्या, "सांगितलं हुतं मला. त्याच दिवशी."

"काय म्हणाले?"

"जेवले न्हाईत नीट. म्हणाले, आपली पोरगी लई तापट हाय. येईल बोलायला, तिचं तिला उमजलं की."

मग काकू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "किती पाहुणे जेवू घातले मी ह्या वाचनालयाचे. एकदा तरी माझं नाव घेतलं का त्या माइकावर? पहिल्यांदा मी बी भांडले हुते. मग सोडून दिलं."

नाना, इतकी वर्षं मी माझ्या एकटीच्या नावाकडं कान लावून बसले होते. काकूंचं नावही कधी आलं नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. तुम्ही मला त्यांच्या ओळीत बसवलं होतंत, आणि मी ती ओळ सोडून मेंढीच्या ओळीत जायला भांडत होते! आता हसावं का रडावं, सांगा तुम्हीच.

एक मात्र अजूनही तुम्हाला ऐकवते, गेलात म्हणून सोडणार नाही. घरच्या माणसालाही एखाद्या वेळी सांगावं, नाना. माइकवर नको, पण सतरंजीची घडी घालताना सांगावं. तुम्ही नाही सांगितलंत, मीही नाही सांगितलं. दोघंही सारखेच चुकलो.

तर शनिवार. त्या दिवशीचं गाणं आधीच ठरलेलं होतं. गायक आले, तुमच्या फोटोपुढं बसून पेटी-तबल्याशिवाय एकच भजन म्हणाले. मग भाषणं झाली. तुम्ही जन्मलात कधी, सायकलवरून किती फिरलात, ते सगळं लोकांनी सांगितलं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं. अध्यक्ष म्हणाले, "शोकसभा संपली." आणि नाना, कुणी उठेचना. स्तब्ध उभे होते ते लोक परत खाली बसले. एकमेकांकडं बघायला लागले. अध्यक्षांना कळेना काय झालं. मला कळलं. आपल्या सभागृहात आभार झाल्याशिवाय कुणी चपलेत पाय घालत नाही. तुम्हीच लावलेली खोड.

मी चहाच्या टेबलापासून निघाले ती थेट माइकपाशी. अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "मालनबाई, शोकसभेत आभार मानत नसतात." मी म्हटलं, "दुसऱ्या गावात नसतील मानत."

इतक्या वर्षांत मी त्या माइकची नुसती धूळ पुसलेली. पण सुरू केल्यावर थांबले नाही. तुम्हाला खांदा दिला त्या चौघांची नावं घेतली, बापाच्या नावासकट. कडू घास आणणाऱ्या घरांची घेतली. हारूनभाईंनी न मागता माइक लावला, त्यांचं घेतलं. तुम्ही गेलात त्या दुपारी दत्तात्रय निवृत्ती भर उन्हात तुमच्या दारात उभा होता, त्याचं घेतलं. सखुबाई आजी वस्तीवरून एसटीनं आली होती, तिचं आणि तिला जागा करून देणाऱ्या कंडक्टरचंही घेतलं, नाव तिनं विचारून ठेवलं होतं, तुमच्यासारखंच. आणि मेंढीचं घेतलं. लोक हसले, नाना. शोकसभेत हसले, आणि हसता हसता निम्मे रडायला लागले. काकू मात्र समोर ताठ बसून ऐकत होत्या. त्यांचं नाव मी घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली.

मी कागदाची घडी घातली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, नानांचं राहिलं की! नानांचे आभार?"

मी म्हटलं, "घरच्या माणसाचे आभार मानतेत का कुठं?"

मग लोक उठले.

सतरंजीची घडी घालायला सूनबाई आली दुसऱ्या टोकाला, सभेसाठी पुण्याहून आली होती. तिला नीट जमत नाही अजून, कोपरे जुळत नाहीत. शिकेल.

तेव्हा सोमवारचं उत्तर, नाना. कुणाचं नाव राहिलं का? व्हय, राहिलं. काकूंचं आणि तुमचं. पण सायकल काढू नका. ते मी मुद्दाम ठेवलंय.